कॅस्केड लॉक्स: पुलाखाली मिळणारा शरदातला सॅमन

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडहून कोलंबिया नदीच्या काठाने पूर्वेला निघालं की तासाभराच्या आत कॅस्केड लॉक्स येतं. तिथे ब्रिज ऑफ द गॉड्स या पुलाच्या पायथ्याशी याकामा, वॉर्म स्प्रिंग्ज, उमाटिला आणि नेझ पर्स या अमेरिकेच्या मूळ रहिवासी जमातींचे कोळी स्वतः धरलेला मासा स्वतःच विकतात. सप्टेंबरात अख्खा चिनूक, म्हणजे सॅमनची सगळ्यांत मोठी जात, घ्यायचा असेल तर सुपरमार्केटचा विचारही करू नये.

ही विक्री अमेरिकी सरकारशी झालेल्या १८५५च्या करारांत जमातींनी राखून ठेवलेल्या मासेमारीच्या हक्कावर चालते. किती मासे नदीतून वर चढतायत, त्यावर जाळी टाकायचे दिवस ठरतात. त्यामुळे निघण्याआधी या चार जमातींच्या संस्थेकडे, कोलंबिया रिव्हर इंटर-ट्रायबल फिश कमिशनकडे, फोन करून विक्री चालू आहे का ते विचारावं. रोख पैसे न्यावेत. भाव जागेवर ठरतो आणि पावती मागून घ्यायची असते.

खरी पारख माशाची. शरदात दोन तऱ्हेचे चिनूक येतात. 'ब्राइट'ला नदीच्या बऱ्याच वरच्या अंगाला, पार हॅनफर्ड रीच या पट्ट्यापर्यंत जायचं असतं, म्हणून त्याच्या अंगात चरबी शिल्लक असते. कातडी चांदीसारखी, मांस लालसर. 'टूली' जवळच्याच उपनद्यांत अंडी घालतो. इथवर येईतो त्याची चरबी सरत आलेली असते, कातडी काळवंडलेली आणि मांस फिकट. तो स्वस्त पडतो, धुरावायला चांगला, तव्यावर मात्र कोरडा होतो. कुठला आहे ते सरळ विचारावं. ऑगस्टअखेर टूली बरेच असतात. ब्राइट हवा तर सप्टेंबरच्या मध्यानंतर जावं. कल्ले कापून रक्त काढलेला मासा असेल तर तोच घ्यावा. रक्त आत राहिलं की दुसऱ्या दिवशी वास येतो.

बहुतेकांचा मासा बिघडतो तो घरी नेताना. ७-८ किलोचा चिनूक हातभर खोक्यात दुमडून कोंबला की मांसाला भेगा पडतात. शेपटीला धरून उचलला तर मणक्याजवळचं मांस फाटतं. लांब खोका, माशाच्या वजनाइतका बर्फ, पोटातही बर्फ आणि वितळलेलं पाणी काढून टाकायची सोय, एवढं हवंच. घरी आल्यावर कण्याखालची काळपट रक्ताची पट्टी चमच्याने खरवडून काढावी, नाहीतर कालवण कडवट लागतं.

आपल्याकडे हॉटेलांच्या मेनूकार्डावर 'इंडियन सॅमन' म्हणून रावस असतो, पण दोघांचं कूळ वेगळं. रावसाच्या अंदाजाने चिनूक शिजवू नये. रस्सा आधी पूर्ण उकळून घ्यावा, आगळ घालावं आणि बोटभर जाड तुकड्या शेवटी सोडून पाच-सात मिनिटांत आच बंद करावी. मादीत गाभोळी मिळाली तर आपल्यासारखी कडक तळू नये: दाणे मोठे असतात, तडतडून फुटतात. हळद-मीठ लावून वाफवलेलीच बरी.

वेळ असेल तर आणखी पूर्वेला सेलिलोपर्यंत जाऊन यावं. तिथला धबधबा १० मार्च १९५७ला द डॅलेस धरणाच्या पाण्याखाली गेला. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या या जमातींचे लोक तिथे लाकडी मचाणांवरून लांब दांड्याच्या झेलजाळ्यांनी मासा धरत, दरीतल्या कोरड्या वाऱ्यावर सुकवत आणि कुटून हिवाळ्यासाठी टोपल्यांत ठासून भरत. मचाणं आजही नदीकाठी दिसतात. ती कुटुंबांची असतात. फोटोसाठी त्यांवर चढू नये.