आधी 'कँडी' लावायचा की 'रेक्विम फॉर अ ड्रीम'?

परवा नाशिकच्या कॉलेज रोडला चहा पिताना मावसभाऊ विचारत होता, दादा शनिवारी रूमवर सगळे जमतोय, या दोन्हीपैकी कुठला पिक्चर लावू? मी 'कँडी' म्हणालो, पण का ते नीट सांगायचं राहिलं.

दोन्ही हेरॉइनवरचे, दोन्हीत एकमेकांवर जीव टाकणारं जोडपं, आणि गंमत म्हणजे दोन्हीचे तीन तीन भाग. 'रेक्विम' (२०००, डॅरेन अ‍ॅरोनॉफ्स्की) उन्हाळा, पानगळ, हिवाळा असा जातो, वसंत येतच नाही. 'कँडी' (२००६, नील आर्मफिल्ड, ऑस्ट्रेलियन) स्वर्ग, पृथ्वी, नरक.

'रेक्विम' अंगावर येतो. नशा केली की मोठं होणारं बुबुळ, फटाफट कट, क्लिंट मॅन्सेलचं ते संगीत. हॅरी आणि मॅरियन शेजारी पडलेत आणि स्क्रीन मधोमध दुभंगलेली, एका बाजूला चेहरा, दुसऱ्या बाजूला हळूच फिरणारी बोटं, इतके जवळ पण चौकटी वेगळ्या. तरी मला पोरांपेक्षा हॅरीची आईच जास्त लागली. टीव्हीवर जायचंय, लाल ड्रेस अंगात बसला पाहिजे म्हणून ती वजन कमी करायच्या गोळ्या घेते, त्याही डॉक्टरने दिलेल्या. एलेन बर्स्टिनला यासाठी ऑस्कर नॉमिनेशन होतं. माझी आई सिडकोत दुपारभर एकटी टीव्हीसमोर असते, मी पिक्चर मध्येच थांबवून तिला फोन लावला.

'कँडी' आवाज चढवत नाही. हीथ लेजर कवी, अ‍ॅबी कॉर्निश चित्रकार, सुरुवातीला दोघं गोल फिरणाऱ्या पाळण्यात भिंतीला चिकटून हसतायत, आणि पुढे पैशासाठी ती धंद्याला लागते तेव्हा तो तिला अडवत नाही कारण त्यालाही माल पाहिजेच असतो, प्रेमही खरंच असतं, हेच बघवत नाही.

२०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी आपल्या नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडीचा (मेफेड्रोन या ड्रगचा) कारखाना पकडला, त्यामुळे हे सगळं बाहेरचं असं मला तरी म्हणवत नाही. आणि पोरं यात पडतात ती बहुतेक आपल्याच माणसाच्या हातून, ते 'कँडी'त जास्त खरं दिसतं.

म्हणून शनिवारी 'कँडी', कोण चुकलं यावर पहाटेपर्यंत बोलाल. 'रेक्विम' एकट्याने बघ, दिवसा, हेडफोन लावून, आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत उठू नकोस.