फ्रँकफर्टचं फर्स्ट क्लास टर्मिनल: हॉन सर्कलचा खरा मान
लुफ्थान्सा या जर्मन विमान कंपनीच्या नियमित प्रवाशांसाठीच्या सदस्यत्वाची सर्वांत वरची पायरी म्हणजे हॉन सर्कल, आणि तिची खरी किंमत कळते ती फ्रँकफर्ट विमानतळावरच्या या टर्मिनलमध्ये. टर्मिनल 1 पासून वेगळी इमारत. सामान, सुरक्षा तपासणी, पासपोर्ट सगळं आतच उरकतं. बोर्डिंगच्या वेळी गाडी थेट विमानापाशी सोडते. त्या दिवशीचं लुफ्थान्साचं तिकीट इकॉनॉमीचं असलं, तरी हॉन सर्कलच्या कार्डावर प्रवेश मिळतो. ही बाब मला सर्वांत मोलाची वाटते. आंघोळीच्या टबाजवळचं रबरी बदक लोक हौसेनं घरी नेऊन जपतात.

गफलत होते पॉइंटांत. 2024 पासून हे सदस्यत्व मिळवायला एका कॅलेंडर वर्षात 6,000 हॉन सर्कल पॉइंट लागतात. मुंबईहून एअर इंडियाच्या विमानानं गेलात, तर ती लुफ्थान्सासारखीच स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात असूनही या पॉइंटांत भर पडत नाही. विमान लुफ्थान्सा किंवा स्विसचंच निवडा.