मुलाला कन्सेंटच्या (म्हणजे संमतीच्या) वर्कशॉपला घातलं, आमचा अनुभव (इंदूर)

मुलगा नववीत आहे. वर्गातल्या मुलांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मुलींच्या फोटोंवरनं काहीतरी झालं, त्यात हा पाठवणाऱ्यांत नव्हता पण हसणाऱ्यांत होता, म्हणून पलासियाजवळ एक संस्था 13 ते 17 वयाच्या मुलांसाठी वर्कशॉप घेते तिथे घातलं. दोन रविवार, तीन-तीन तास, फी 800. नाव लिहीत नाहीये कारण पुढे कुरकुर पण केलीये.

मला वाटलं होतं लेक्चर असेल, मुलींचा आदर करा वगैरे, आणि पोरं बाकाखाली मोबाईल बघतील. पण शिकवणाऱ्या दादाने पहिलाच प्रश्न विचारला की घरी जेवताना तुम्ही बस म्हणता तेव्हा काय होतं? सगळी पोरं एका सुरात, "और परोस देते हैं!" मग तो म्हणे, म्हणजे लहानपणापासून तुम्ही हेच शिकलात की नाही म्हटलं की अजून जोर लावायचा. मी मागे पालकांच्या खुर्चीत बसून अक्षरशः चोरासारखी झाले कारण आमच्याकडे तर नको म्हणणाऱ्याच्याच पानात आधी पुरणपोळी पडते, आग्रह नाही केला तर पाहुणा काय म्हणेल! आणि काकूला पापी दे, दे ना, लाजतो काय, हे पण आपणच करतो की.

त्यानंतरचा खेळ सगळ्यात भारी. तोंडाने 'नाही' न म्हणता नाही कसं म्हणतात ते पोरांनीच सांगायचं. "बघू", "मम्मीला विचारते", विषय बदलणं, नुसतं हसणं, मेसेज बघून उत्तर न देणं. फळा भरला. एक मुलगा म्हणाला हँसी तो फँसी, तर दादा चिडला नाही, त्याला म्हणाला प्रिन्सिपल सर ओरडत असताना तू कधी घाबरून हसलायस का? पोरगं गप्प.

रंगपंचमीच्या गेरचा (इंदूरची रंग उडवत निघणारी मिरवणूक) विषय निघाला तेव्हा मात्र जुंपली. राजवाड्याला सगळे भिजायलाच येतात, मग एखाद्या मुलीला रंग लावला तर काय बिघडलं? त्यावर बराच वेळ गेला पण जाऊ दिला ते चांगलं केलं. टँकरच्या फवाऱ्याखाली उभं राहायला ती आली म्हणजे कोणीही येऊन गालाला हात लावावा असं होत नाही, हे पोरांनी शेवटी आपसातच भांडून काढलं.

दुसऱ्या रविवारी एक वकील मॅडम आल्या. त्यांनी सांगितलं, पॉक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा) 2012 चा, त्यात लैंगिक संबंधांसाठी 18 च्या खालच्याची संमती कायदा मानतच नाही. मुलीने स्पष्ट नकार दिल्यावरही सारखं मागे लागणं, मेसेज करत राहणं हा गुन्हा आहे, 2013 पासून, आता भारतीय न्याय संहितेत कलम 78, पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत शिक्षा. पोरं इथे एकदम सरळ बसली. मला स्वतःला हे थोडं कमी आवडलं, भीतीने ऐकलेलं किती टिकतं कोण जाणे, पण माहिती पाहिजेच.

आता कुरकुर. वेळेवर एकदाही सुरू झालं नाही. हॉलमध्ये दोन पंखे, त्यातला एक शोभेचा. मुलांनी चिठ्ठ्यांवर प्रश्न लिहून डब्यात टाकले होते, त्यातले निम्मे "टाइम नहीं है" म्हणून राहिले आणि तेच तर खरे प्रश्न असणार ना. पालकांचा सेशन जेमतेम अर्धा तास, त्यात आम्ही अकरा आया आणि एकच बाबा, तेही बाहेर फोनवर.

घरी फरक? परवा आमरसाची वाटी पुढे करत सासूबाई म्हणाल्या घे रे अजून, तर हा म्हणाला "आजी, मी नको म्हणालो ना." त्या दोन दिवस रुसल्या होत्या.

पाचपैकी चार स्टार. पुढची बॅच परीक्षेनंतर आहे, पालकांच्या सेशनला ह्यांचं नाव मी टाकून आलेय. ह्यांना अजून विचारलं नाहीये, विचारायला हवं म्हणा.