नकाशा छापून घेतला, अप्पा बळवंत चौकाजवळ

लेकीनं आणि मी दोन उन्हाळ्यांच्या सुट्टीत एक काल्पनिक बंदर रचलं, शिंपलेबंदर. खाडीत गाळ साचत जातो, मोठी गलबतं धक्क्याला लागेनाशी होतात, पेठ ओस पडते, असा त्याचा तीनशे वर्षांचा इतिहास. बीज अर्थात चौलचं, अलिबागजवळच्या जुन्या बंदराचं. १४६९च्या सुमारास अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी घोडा घेऊन तिथं उतरला. पुढे जुन्नरच्या खानानं तो घोडा काढून घेतला आणि मोठ्या मिनतवारीनं परत दिला. आमच्या बंदरातही एक घोडा उतरतो!

या बंदराचा नकाशा कापडावर हवा होता. आधीच्या एका दुकानात खाडीचा निळा चक्क जांभळा छापून दिला. अप्पा बळवंत चौकाजवळच्या या दुकानातल्या काकांनी मात्र आधी वीतभर तुकडा छापून दाखवला, दारात उन्हात धरला आणि म्हणाले, "ताई, गाळाचे ठिपके पुसट येतायत, जरा गडद करू?" मग लेकीलाच विचारलं, "भरती कुठवर येते गं?" तिनं बोट ठेवलं तिथं त्यांनी रेघ ठळक केली. जुनी वखार, जकात चौकी, बुडालेला धक्का, सगळी अक्षरं आता स्वच्छ वाचता येतात.

साडेपाचशे रुपये झाले. कडेची शिलाई थोडी तिरकी आहे, ती सांगून घ्या. संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळत नाही, सकाळी अकराच्या आत जा. आम्ही आता बंदराचा दुसरा नकाशा काढतोय, गाळ साचण्याआधीचा, आणि तोही इथंच छापणार.