सावंतवाडीची संध्याकाळची कलाफेरी: जरूर जा
वेंगुर्ल्याहून आत्याला घेऊन गेले होते. चार वाजता राजवाड्यापासून सुरुवात. जीव रमला तो गंजिफ्यापाशी. हाताने रंगवलेली पत्त्यांची गोल पानं, दशावतारी संचात १२०. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं: राजा, वजीर आणि एक ते दहा. मत्स्याच्या दहाच्या पानावरचे मासे आत्याने बोट ठेवून मोजले! वाटाड्या मुलाने अजिबात घाई केली नाही. राजमाता सत्त्वशीलादेवींनी ही कला कशी जगवली, तेही मन लावून सांगितलं.

चितारआळीत मात्र जेमतेम दहा मिनिटं. लाकडी फळं रंगवणाऱ्या काकांशी बोलणं अर्धवट राहिलं, फार चुटपुट लागली. तिथे अर्धा तास हवाच. शेवट मोती तलावाकाठी, दिवे लागताना. आत्याचे गुडघे दुखतात, तरी सगळं चालली.