नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडचे जुने नकाशे : डार्टमूर चालायला निघालेल्या सातारकरांसाठी

मुलाबाळांकडे इंग्लंडला निघालात आणि कास-चाळकेवाडीच्या पठारांवर चालायची सवय असेल, तर नैर्ऋत्य इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातला डार्टमूरचा माळ चुकवू नका. तिथे कांस्ययुगातली घरं, दगडांच्या रांगा आणि थडगी उघड्या गवतात उभी आहेत. ती शोधायला एडिंबरोच्या नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या नकाशांच्या संकेतस्थळासारखं साधन आमच्या पाहण्यात दुसरं नाही. पैसे लागत नाहीत, नोंदणीही नाही.

तयारी साताऱ्यात घरी बसूनच करा, आणि ती लॅपटॉपवर. मोबाइलवर दोन नकाशे शेजारी-शेजारी मावत नाहीत. ‘साइड बाय साइड’ उघडून डावीकडे ऑर्डनन्स सर्वे या ब्रिटिश सरकारी मोजणी खात्याचा सहा इंची, म्हणजे मैलाला सहा इंच (१:१०,५६०) प्रमाणाचा नकाशा घ्या आणि उजवीकडे लायडार, म्हणजे विमानातून लेसरने जमिनीचे उंचसखल मोजून केलेलं चित्र. पंचवीस इंची नकाशा जास्त बारीक म्हणून बरेच जण तो निवडतात आणि माळाच्या मधोमध कोरी जागा पाहून गोंधळतात. ती मालिका शेती-वस्तीसाठी होती, ओसाड माळ त्यात घेतलाच नाही. इथे सहा इंचीच कामाचा.

सरावाला ग्रिम्सपाउंड घ्या. दगडी कोटाच्या आत २४ गोल घरांचे पाये आहेत. १८९४ साली तिथे उत्खनन झालं. जुन्या नकाशावर प्राचीन अवशेषांची नावं वळणदार गॉथिक अक्षरांत छापलेली असतात, त्यामुळे ‘हट सर्कल्स’ (गोल घरांचे पाये), ‘केर्न’ (दगडांचे ढीग, बहुधा थडगी), ‘स्टोन रो’ (दगडांची रांग) लगेच वेगळे दिसतात. सापडलेल्या जागेचा ग्रिड संदर्भ, म्हणजे नकाशावरच्या चौकटींनुसार जागा सांगणारे आकडे, आठ आकडी लिहून घ्या. सहा आकड्यांत शंभर मीटरचा चौरस येतो, आणि चार-पाच मीटरचं घर उंच गवतात तेवढ्या जागेतही हरवतं. त्या भागाची पीडीएफ छापून जवळ ठेवा, माळावर मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही.

नकाशावर खूण नाही म्हणून तिथे काही नाही, असं मात्र समजू नका. डार्टमूरचे ‘रीव्ह’, म्हणजे मैलभर पसरलेले दगडी बांध, प्रागैतिहासिक शेतांच्या हद्दी आहेत हे १९७०च्या दशकात नीट उलगडलं. जुन्या मोजणीदारांनी ते काही ठिकाणी साध्या रेघेने दाखवले, काही ठिकाणी सोडून दिले. लायडारवर ते सरळ, समांतर उमटतात. उलट चूकही होते. कथील खणणाऱ्यांनी ओढ्याकाठी टाकलेले मातीचे ढीग लायडारवर थडग्यांसारखे वाटतात. ओढ्यालगत ढिगांची रांगच दिसली तर तो कथलाचा उद्योग समजावा.

या जुन्या नकाशांच्या दोन उणिवा लक्षात ठेवायच्या. आपल्या ५० हजारी (१:५०,०००) टोपोशीटवरच्या २० मीटरच्या समोच्च रेषांची, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांची, सवय असेल तर इथल्या विरळ रेषांवरून चढ कळत नाही. दुसरी जास्त गंभीर : उत्तर डार्टमूरात ओकहॅम्पटन, मेरिव्हेल आणि विल्सवर्दी इथे लष्कराचे गोळीबाराचे पट्टे आहेत. जुन्या नकाशावरून आजच्या हद्दी ठरवू नका. गोळीबाराचं वेळापत्रक आधी पाहा, लाल निशाण दिसलं तर आत पाऊल टाकू नका.

कासच्या सवयीने चालाल तर इथे फसाल. कासला पाणी जांभ्यावर साचतं, खाली पाय टेकतो. डार्टमूरला हिरव्यागार गवताखाली पीटचा, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींचा चिखल असतो, माणूस गुडघ्यापर्यंत जातो. नकाशावर ‘मायर’, म्हणजे दलदल, लिहिलेल्या जागेला वळसाच घाला, वाट कितीही जवळची दिसली तरी.