मोडी दप्तर आणि हस्ताक्षर-ओळख प्रणाली : सात महिन्यांनंतर

आमच्या घरच्या दप्तरातील पेशवेकालीन मोडी पत्रे नेमकी किती कारकुनांच्या हातची आहेत, हे ठरविण्यासाठी हस्ताक्षर ओळखणारी एक संगणकीय प्रणाली मी सात महिने वापरीत आहे. मृत समुद्राजवळ कुमरान येथे सापडलेल्या, बायबलमधील यशया ग्रंथाच्या ५४ स्तंभांच्या गुंडाळीत २७ व्या स्तंभानंतर लेखक बदलला असावा, असा निष्कर्ष ग्रोनिंगेन विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये मांडला होता; तो वाचून मी या उद्योगाला लागलो. पानामागे पैसे आकारणारी आवृत्ती अर्थातच घेतली नाही.

गेल्या महिन्यात प्रणालीने एकाच पत्राच्या दोन बाजू दोन लेखकांच्या खात्यावर टाकल्या. शोध घेता सारा दोष शिरोरेघेचा निघाला. मोडीत आधी ओळभर रेघ ओढून मग तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता अक्षरे लिहीत, आणि शब्द तोडण्याची पद्धत नसल्यामुळे ती रेघ देवनागरीप्रमाणे शब्दागणिक तुटत नाही. प्रणाली मोजते शाईच्या कडांची वळणे; त्यांत सर्वांत मोठा वाटा या रेघेचा. पत्राच्या पुढच्या बाजूस ती अखंड होती, मागे कागदाच्या घडीवर शाई उडाल्याने तुटक. मी तक्रार केली, तेव्हा ‘सशुल्क आवृत्ती घ्यावी’ असे उत्तर आले. रेघ तिथेही तीच असणार, मग पैसे कशाचे?

त्या दिवशी लिहिले असते, तर ‘वापरू नये’ एवढेच लिहिले असते. पण पानामागे वीस मिनिटे खर्चून चित्रांतील रेघा हाताने पुसल्या, पाने पुन्हा दिली आणि त्या पत्राच्या दोन्ही बाजू मुकाट्याने एकत्र आल्या. इतकेच नव्हे, तर चिटणिशी वळणाच्या (मोडीच्या एका लेखनशैलीच्या) ज्या गठ्ठ्याला मी एकहाती समजत होतो, त्याचे प्रणालीने दोन भाग केले. भिंगाखाली पाहिले, तर एकाच्या वेलांट्या आखूड आणि दुसऱ्याच्या लांब ओढलेल्या. वर्षानुवर्षे हाताळलेल्या कागदांत हे मला दिसले नव्हते, याची थोडी लाजही वाटली.

बोरूचे टोक नव्याने छाटले की रेषेची जाडी बदलते आणि प्रणाली एक नवाच कारकून जन्माला घालते, हा उपद्रव अजून आहे. ‘बहुत काय लिहिणे’ ही अखेरची ओळ कधी कधी पत्र पाठविणारा स्वतः लिहीत असे. तेवढ्या शाईवर प्रणालीला काही ठरविता येत नाही, म्हणून तेथे भिंग आणि डोळे यांवरच भागवितो.